सावद्याहून दम्मामला

माझी एक वही आहे, दोनशे पानी,
वर केळीच्या कार्टनचं स्टिकर चिकटवलेलं.
आत इंग्रजी वाक्यं, जुन्या मेलमधून उतरवलेली,
आई जशी पापडखाराचं माप लिहून ठेवते.

‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ –
वेल म्हणजे विहीर, पाचवीत पाठ केलेलं.
पहिल्या वर्षी वाटलं, काय चांगली भाषा आहे,
पत्राच्या सुरुवातीलाच विचारते
पाणी किती हातांवर आहे.

झोपेशेठ मागे उभे राहून वाचतात.
‘डिअर कायले लिहिते? तो काय आपला जावई हाये?’
मी म्हणते, पद्धत आहे.
‘मंग खाली रिगार्ड्सबी घाल दोनचार, फुकटच हायेत.’

‘काइंडली’ कुठे आणि ‘प्लीज’ कुठे
मला अजून कळत नाही.
दोन्ही टाकले की वाक्य
दोन शाली पांघरलेल्या व्याह्यासारखं दिसतं,
घामाघूम.

केळीला साडेतेरा अंश लागतात.
कंटेनरचं मशीन त्यासाठी रात्रभर घुरघुरतं.
बागेत परवा सेहेचाळीस होते.
पावणेबाराला सिकंदर तडवी, खांद्यावर घड,
सरीत बसला, मग आडवा झाला.
घड त्यानं सोडला नाही म्हणतात,
एक फणी दबली नाही.
टोळीनं त्याला केळीच्या पानांवर घालून
ट्रॉलीतून फैजपूरला नेलं.
कटाई थांबली. गाडी साडेआठ तास उशिरा.
जहाज चुकलं.

आता दम्मामला कळवायचं.

वहीत तयार होतं, पान चौदा:
‘ड्यू टू अनव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस
द शिपमेंट वॉज डिलेड’.
इस्त्रीचं वाक्य. त्यात कोणी पडत नाही,
कोणाला सलाईन लागत नाही.
बऱ्हाटे बाई कर्मणी प्रयोग शिकवताना
‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ म्हणायच्या.
तिथे निदान राम तरी असायचा.

तरी मी एक ओळ स्वतःची लिहिली,
वहीत नसलेली:
वन वर्कर सिकंदर तडवी फॉल इन हीट.
फॉल की फेल, की फेल डाउन –
कॉम्प्युटर त्याबद्दल काही बोलला नाही.
नावाखाली मात्र त्यानं लाल नागमोडी रेघ ओढली.
शेठ म्हणाले, ‘नावगाव कायले?
उद्या क्लेम ठोकीन तो.’
ओळ खोडली. पान चौदा उतरवलं.
सेंड.

सकाळी उत्तर: नोटेड.
एवढंच. तेही मी वहीत घेतलं.

गुरुवारी सिकंदर पगाराला आला,
मनगटावर सुईचा निळा डाग.
पंख्याखाली बसला, दोन तांबे पाणी प्यायला.
‘ताई, गाडी लेट झाली त्याचं
तिकडे काय सांगितलं?’
मी वाक्य वाचून दाखवलं.
‘म्हंजे काय?’
म्हटलं, अशी गोष्ट, जी टाळता येत नाही.
त्यानं जरा विचार केला.
‘म्हंजे मीच का?’

आणि हसला. विडी काढली,
शेठची खुर्ची बघून परत खिशात ठेवली.

पहाटे पाचला कटाई लावली असती
तर टाळता आलं असतं –
हे मला मराठीतसुद्धा बोलता आलं नाही.
मी व्हाउचर पुढे सरकवलं,
बोटानं जागा दाखवली.

मग बाहेर, ट्रॉलीपाशी, तो टोळीला सांगत होता,
नव्या जावयाचं नाव पाठ करावं तसं,
पुन्हा पुन्हा, दर वेळी एक अक्षर गाळून –
सर्कमटन्स.
सर्कमटन.